तोकडी साखळी

शके ११८१, कार्तिक शुद्ध सप्तमी. सूर्योदय होऊन चार घटका झाल्या होत्या. शिरवे बंदराच्या खाडीमुखावर साखळीचे चार तुकडे पाण्यावर तरंगत होते आणि तिसऱ्या व चौथ्या तुकड्यांच्या मध्ये तीस हात मोकळे पाणी होते.

मी होडीत उभा राहून दोरी पुन्हा ताणली. पुन्हा तीसच हात भरले. काठावर एल्हाइसा उभी होती. तिने हाताने खूण करून मला जवळ बोलावले आणि होडी धक्क्याला लागण्याआधीच विचारले, "पदुमदेवा, दोरी चुकली का?"

"दोरी बरोबर आहे."

"मग काय, खाडी रुंद झाली?"

माझ्या मनात त्या वेळी दुसराच एक आकडा फिरत होता आणि तो तिला सांगण्याची माझी छाती होत नव्हती.

मी शिरव्याचा सूत्रधार होतो. धक्के, बुरूज, जहाजांचे सांगाडे, जे जे मापाने उभे करायचे ते माझ्याकडे असे. एल्हाइसा आमच्या नगरसभेची प्रमुख होती. नवरा गेल्यावर तिने त्याचा व्यापार हाती घेतला होता. त्याची दोन जहाजे होती. एक वादळात गेले, दुसरे कासवबेटाच्या चाच्यांनी नेले. त्यानंतर नऊ वर्षे ती इतरांच्या जहाजांत माल भरून दिवस काढत होती. त्या वर्षी मात्र तिने आपल्याजवळचे होते नव्हते ते घालून नवे जहाज बांधायला घेतले. ते मी बांधले. सप्तमीला ते धक्क्याशी उभे होते. तेलपाणी झालेले, शीड चढवलेले, अजून रिकामे. पौर्णिमेला ते पहिल्यांदा बाहेर पडणार होते.

त्याची लांबी बत्तीस हात होती. तीस हातांच्या खिंडारात आडवे बसेल असे, मालाने न भरलेले, दुसरे एकही जहाज त्या खाडीत नव्हते. हे मला पहिल्या मापाच्या वेळीच दिसले होते.

साखळीची हकिकत अशी. चाच्यांचा उपद्रव वाढला होता, राजे आपापल्या युद्धांत गुंतले होते आणि किनाऱ्यावरचे एकेक बंदर एकटे गाठून लुटले जात होते. म्हणून आदल्या वर्षी शिरवे, मुरडे, खारवडी आणि बोरवट या चार बंदरांनी एकत्र येऊन शपथ घेतली. जहाजे एकत्र न्यायची, जकात एकमेकांना माफ, राखणीला माणसे सर्वांची. दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांवर जड माल नेतात त्याला आमच्याकडे सांगड म्हणतात. त्यावरून लोक या कराराला सांगड म्हणू लागले. सांगडीचे पहिले सामायिक काम म्हणजे ही साखळी. सागाचे ओंडके, त्यांना जोडणाऱ्या लोखंडी कड्या. खाडीचे मुख चारशे हात, म्हणून प्रत्येक बंदराने शंभर हात साखळी करून आणावी असे ठरले. मुरडे आणि खारवडीचे तुकडे आदल्या दिवशी आले. बोरवटचा तुकडा त्याच सकाळी आला आणि तो जोडायला गेल्यावर हे पाणी मध्ये उरले.

कारण समजायला मला वेळ लागला नाही. मुरड्याचा हात शिरव्याच्या हातापेक्षा आखूड आहे आणि खारवडीचा त्याहून आखूड, हे चारही बंदरांतल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक होते. कापड घेताना-देताना ते हा फरक बोलता बोलता मनात धरून हिशेब करत. सवय इतकी अंगवळणी पडली होती की लोहाराला शंभर हात सांगताना कोणाच्या हाताने, हे सांगायचे कोणाला सुचले नाही. कापडाला ते सावध असत. साखळी म्हणजे कापड नव्हे.

एरवी हा हसण्याचा विषय झाला असता. पण पहाटे टेकडीवरच्या पहारेकऱ्याने निरोप आणला होता की कासवबेटाच्या बावीस होड्या उत्तरेच्या भूशिराआड येऊन थांबल्या आहेत. त्या कशाची वाट पाहत होत्या हे उघड होते. ओहोटी दुपारच्या जरा आधी संपणार होती. मग भरतीचे पाणी खाडीत शिरणार आणि त्याच्यासोबत त्या होड्या. आत चार बंदरांची एक्केचाळीस जहाजे पौर्णिमेला एकत्र निघण्यासाठी मालाने भरून उभी होती.

चौघे प्रमुख धक्क्यावर जमले. मुरड्याचे सोमसेठी अंगाने भारी, बोलण्यात त्याहून भारी. आमची साखळी शंभर हात आहे, मी स्वतः समोर उभे राहून मोजून घेतली आहे, असे त्यांनी आल्या आल्या सांगितले. खारवडीचे कान्हसेठी वाळकेसे, डोळे बारीक करून बोलणारे. त्यांनीही तेच सांगितले. आमची साखळी चोख आहे, हवे तर खारवडीहून मोजणाऱ्याला बोलावून घ्या. मग एकमेकांच्या हातांवर आले.

"सोमसेठी, एक विचारू?" कान्हसेठी म्हणाले. "मुरड्याचा हात कापड विकताना असतो तेवढाच घेतानाही असतो का?"

"खारवडीच्या माणसानं हे बोलू नये. तुमच्याकडे हात आखूड, तेवढी जीभ लांब."

धक्क्यावरची माणसे हसली, पण ते हसणे लगेच विरले. प्रत्येकाची नजर पाण्याकडे जात होती. ओहोटीचे पाणी बाहेर धावत होते आणि त्यावरचा पाचोळा साखळीच्या त्या मोकळ्या भागातून सरळ समुद्रात निघून जात होता.

मला विचारण्यात आले की तीस हात साखळी भरतीआधी करता येईल का. मी सांगितले की ओंडके मिळतील, कड्या मिळणार नाहीत. चारही बंदरांचे लोहार एकत्र बसवले तरी तीन दिवस लागतील. दोराने बांधता येईल का, असे कोणी विचारले. दोर कोयत्याच्या एका घावाने तुटतो, असे मी सांगितले. मी एल्हाइसाच्या जहाजाकडे पाहणे कटाक्षाने टाळत होतो आणि त्यामुळेच मला वाटत होते की सगळ्यांना ते समजले असावे.

शेवटी सोमसेठींनी आपला निर्णय सांगितला. ओहोटी आहे तोवर मुरड्याची जहाजे बाहेर काढून दक्षिणेला न्यायची. त्यांनी माणूस पाठवलाही. थोड्या वेळाने पलीकडच्या धक्क्यावर त्यांच्या खलाशांनी दोर सोडायला सुरुवात केल्याचे दिसले. मुरड्याची जहाजे जाणार म्हणजे मुरड्याचे तिरंदाजही जाणार, आणि राखणीतला तिसरा हिस्सा त्यांचाच होता. कान्हसेठी म्हणाले की मग आम्हीही थांबून काय करू. सांगड मोडत होती, आणि ती आमच्या डोळ्यांसमोर, आमच्याच धक्क्यावर मोडत होती. शिरव्याला मात्र कुठे जाता येण्यासारखे नव्हते. आमची घरे तिथेच होती.

बोरवटचे याकूब नाखवा या सगळ्या वेळात दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून होते. ते विसाव्या वर्षी समुद्रापलीकडून आले, बोरवटमध्ये स्थायिक झाले, तिथलीच मुलगी केली. सव्वीस वर्षांत त्यांनी आमची भाषा अशी आत्मसात केली होती की अंधारात ऐकले तर कोणी त्यांना परका म्हटले नसते. एकच गोष्ट त्यांना साधत नसे. ‘आम्ही’ कुठे म्हणायचे आणि ‘आपण’ कुठे, यात ते हमखास चुकत. आदल्या वर्षी शपथेच्या जेवणात ते सोमसेठींच्या शेजारी बसले होते. खिरीची वाटी संपवून त्यांनी सोमसेठींना आपल्या घरी यायचे आमंत्रण दिले आणि वर म्हणाले, "आपली बायको याहून चांगली खीर करते." सोमसेठींचा घास हातात राहिला. तेव्हापासून कान्हसेठी भेटले की सोमसेठींना आधी हेच विचारत, आपली बायको बरी आहे ना.

नाखवा उठले. साखळीकडे पाहत शांतपणे म्हणाले, "आपली साखळी तोकडी आहे."

सोमसेठी गर्रकन वळले. "कोणाची? आमची?"

त्यांना वाटले नाखवा अदबीने ‘तुमची’ म्हणत आहेत. कान्हसेठी हसत म्हणाले, "अहो, तो स्वतःची म्हणतोय. बोरवटची. कबूल करतोय, करू द्या." मग त्यांचा स्वर बदलला. बोरवटने तोकडी साखळी आणली असेल तर झाला प्रकार बोरवटनेच निस्तरावा, असे ते म्हणू लागले. सोमसेठींनी त्याला मान डोलावली. सकाळपासून त्या दोघांचे पहिल्यांदाच एकमत झाले होते.

नाखवांनी खुलासा केला नाही. ते दोघांकडे पाहत उभे राहिले.

"नाखवा बरोबर बोलले," एल्हाइसा म्हणाली.

ती आतापर्यंत फारशी बोललीच नव्हती. ती माझ्याकडे वळली. "पदुमदेवा, माझं जहाज किती हात?"

"बत्तीस."

"कोणाच्या हातानं?"

"शिरव्याच्या."

"म्हणजे बसेल."

"बसेल," मी म्हणालो. "पण त्यांचा सगळा मारा त्याच्यावरच येईल. ते पुन्हा मिळेल असं धरू नका."

"ते मला कळतं. सकाळपासून तू त्याच्याकडे पाठ करून उभा आहेस." मग ती त्या तिघांकडे वळली. "जहाज देते. आधी एक सांगा. जळालं तर कोणाचं जळालं?"

कान्हसेठींनी डोळे बारीक केले. "बाई, शपथेत तसं काही कलम नाही. ज्याचं गेलं त्याचं गेलं, असंच आजवर चालत आलंय."

"म्हणूनच विचारते. नाखवा म्हणाले, आपली साखळी तोकडी आहे. ती आपली असेल, तर तिच्यात घातलेलं जहाजही आपलं. आणि ती तुमची, यांची, माझी अशी चार जणांची असेल, तर माझं जहाज माझं. मग मीही ओहोटीबरोबर बाहेर पडते. नऊ वर्षं थांबून बांधलंय मी ते. ताम्रपट नको मला. तोंडानं म्हणा, म्हणजे झालं."

याकूब नाखवा लगेच म्हणाले, "आपलं जहाज."

त्या वेळी कोणी हसले नाही.

कान्हसेठींनी खाडीतल्या आपल्या जहाजांकडे पाहिले, साखळीकडे पाहिले, मग अंगरख्याची बाही उगाच नीट केली. "आपलं," ते म्हणाले. शब्द इतका हळू आला की एल्हाइसाने त्यांना तो पुन्हा म्हणायला लावला.

सोमसेठी राहिले. त्यांच्या खलाशांनी पहिल्या जहाजाचे जवळजवळ सगळे दोर सोडले होते. फक्त एक दोर उरला होता. सोमसेठी म्हणाले की मुरड्याची सभा आपल्याला जाब विचारील, दुसऱ्याच्या जहाजाची जोखीम पत्करायचा अधिकार सभेने आपल्याला दिलेला नाही. एल्हाइसाने त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला नाही. ती नुसती थांबून राहिली. मी पाण्याकडे पाहत होतो. पाचोळा आता बाहेर जात नव्हता. एका जागी गोल फिरत होता. ओहोटी संपली होती. मी तसे सांगितले.

सोमसेठींनी पलीकडच्या धक्क्याकडे हात करून हाक मारली. दोर परत बांधा, असे त्यांनी ओरडून सांगितले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "सूत्रधार, आपलं जहाज खाडीत न्या. नांगर मुरड्याचे घ्या, ते जड आहेत."

पुढचा वेळ कसा गेला ते मला सलग आठवत नाही. जहाज आम्ही वल्ह्यांच्या होड्यांनी ओढत नेले आणि खिंडारात आडवे केले. साखळीची टोके पुढच्या नाळेला आणि मागच्या वरामेला नुसती अडकवली तर पहिल्या धडकेला फळ्यांसकट उखडून येतील, म्हणून मी टोकांच्या कड्यांतून जाड साखळदंड घालून तो जहाजाच्या तळाखालून, कण्याला वेढून नेला. पाण्यात उतरून तो वेढा मीच हातांनी चाचपून पाहिला. पाणी तोवर चढू लागले होते आणि माझे बोट कड्यांवरून सरकताना मला ते पाणी कानाशी वाजत असल्यासारखे ऐकू येत होते. तळात दगड भरले, कठड्यांवर ओली कातडी टाकली. एल्हाइसाला मी विचारले की जहाजातून काही काढून घ्यायचे आहे का. नवे शीड तरी उतरवून घे, असे तिने सांगितले. ते बोरवटच्या बायकांनी विणून दिले होते. शीड उतरवले.

जहाजावर कोणाचे तिरंदाज चढणार, यावर पुन्हा वाद होईल असे मला वाटले होते. तो झाला नाही. सोमसेठींनी आपली माणसे आधीच होडीत बसवली होती.

भरती पुरी होण्याआधी दोन घटका बावीस होड्या भूशिराआडून निघाल्या. पाण्याच्या जोराने त्या वेगात आल्या आणि साखळी पाण्याशी समतल असल्यामुळे पुढच्या होड्यांना ती फार उशिरा दिसली. चार होड्या तिच्यावर चढून अडकल्या. मागच्यांनी ओळखले की मधले जहाज हेच दार आहे आणि त्या सगळ्या तिकडे वळल्या. त्यांनी पेटते बाण टाकले, तेलाची मडकी टाकली. ओली कातडी थोडा वेळ टिकली. मग वरामेकडून धूर निघाला आणि थोड्याच वेळात ज्वाळा दिसल्या.

आम्ही बुरुजावर होतो. सोमसेठी माझ्या शेजारी उभे होते. त्यांचे तिरंदाज एकेक करून पाण्यात उड्या टाकत होते आणि काठावरचे लोक त्यांना ओढून घेत होते. "आपलं जहाज पेटलं," सोमसेठी म्हणाले. ते कोणाला उद्देशून नव्हते.

एल्हाइसा जहाजाकडे पाहत होती. तिने मला एकच विचारले, कणा जळायला किती वेळ लागेल. मी सांगितले की कणा पाण्याखाली आहे, तो जळणार नाही. कठडे आणि फळ्या पाण्याच्या रेषेपर्यंत जळतील. साखळी कण्याला धरून आहे. तिने मान हलवली आणि भरती उतरेपर्यंत ती बुरुजावरच उभी राहिली.

जहाज पाण्याच्या रेषेपर्यंत जळाले. साखळी सुटली नाही. पाणी फिरल्यावर कासवबेटाच्या होड्यांना तिथे टिकणे शक्य नव्हते. पंधरा होड्या बाहेर गेल्या. सात राहिल्या.

दहा दिवसांनी साखळी दुरुस्तीसाठी वाळूवर ओढून घेतली. चारही तुकडे शेजारी शेजारी पसरले होते, म्हणून मी ते शिरव्याच्या हाताने मोजले. मुरड्याची साखळी साडेसत्त्याऐंशी हात भरली. खारवडीची ब्याऐंशी. शिरव्याची शंभर. बोरवटची साडेशंभर.

मी शेवटचे माप पुन्हा घेतले. मग बोरवटला गेलो.

याकूब नाखवा अंगणात जाळे वाळत घालत होते. मी त्यांना सांगितले की बोरवटची साखळी पुरी होती, उलट अर्धा हात जास्तच होती. ते म्हणाले की हो, काम सुरू करण्याआधी त्यांनी शिरव्याच्या हाताची काठी मागवून घेतली होती; परक्या गावात माल न्यायचा तर माप त्या गावचे घ्यावे लागते, हे त्यांना आल्या वर्षीच समजले होते.

"म्हणजे त्या दिवशी तुम्हांला माहीत होतं, की तुमची तोकडी नाही."

"माहीत होतं."

"मग तोकडी कोणाची म्हणालात तुम्ही?"

त्यांनी जाळ्याचे एक टोक माझ्या हातात दिले आणि दुसरे ताणून खुंटीला बांधले.

"काय सांगू, सूत्रधार," ते म्हणाले. "आम्हांला तुमची भाषा अजून नीट येत नाही."

मी जाळे धरून उभा राहिलो. ‘आम्हांला’ आणि ‘तुमची’, दोन्ही शब्द त्यांनी अगदी जागच्या जागी वापरले होते.

त्या गोष्टीला आता तेहतीस वर्षे झाली. नाखवा गेले, सोमसेठी गेले, एल्हाइसा गेल्या चैत्रात गेली. ती साखळी दोनदा नवी केली. दोन्ही वेळा सर्व बंदरांना मापाची काठी आधी पाठवली. मात्र त्या लढाईनंतरच्या पहिल्या पावसाळ्यापूर्वी, जळालेल्या जहाजाच्या जागी नव्या जहाजासाठी लाकूड मागवताना मी काठी पाठवली नव्हती. मुद्दाम नव्हे, गडबडीत राहून गेले. प्रत्येक बंदराला बत्तीस हातांच्या जहाजाचा आपापला वाटा कळवला, इतकेच. मुरड्याहून कण्याचे लाकूड आले, खारवडीहून फळ्या, बोरवटहून डोलकाठी. आपले पुन्हा तोकडे पडू नये या धास्तीने प्रत्येकाने सांगितल्याहून लांब माल पाठवला होता. जादा भाग कापून टाकू का, असे मी एल्हाइसाला विचारले. तिने मुरड्याच्या लाकडावरून हात फिरवत टोकापर्यंत जाऊन पाहिले आणि काही कापू नकोस, असे सांगितले.

जहाज चैत्रात पाण्यात उतरले. उतरण्यापूर्वी मी ते शिरव्याच्या हाताने मोजले. चौतीस हात भरले.